सक्तीच्या वर्षाच्या बाजूने

गेल्या कोजागरीला आमच्या मंडळाच्या गच्चीवर आटीव दुधाचे पेले फिरत असताना माझ्या नातीचा विषय निघाला आणि चंद्र बाजूलाच राहिला. विषय मीच काढला होता, तेव्हा तक्रार करण्याचा अधिकार मला नाही. परंतु त्या रात्री जमलेल्या वीस-बावीस सुविद्य मंडळींपैकी एकानेही माझी बाजू घेतली नाही, आणि घरी परतल्यावर पत्नीने 'तुम्ही एकटेच का ओरडत होता?' असे विचारले, म्हणून हा लेख.

हकीकत थोडक्यात अशी. माझा मुलगा व सून पंधरा वर्षांपूर्वी इंदूर सोडून इंग्लंडात रेडिंगला गेले. नात तेथेच वाढली. आता तिला विद्यापीठात जायचे आहे आणि तिच्या मनाने चिनी भाषा घेतली आहे. तिकडे एकाच अर्जात पाच अभ्यासक्रम निवडता येतात. चिनीची स्वतंत्र पदवी घ्यायची तर अभ्यासक्रम बहुधा चार वर्षांचा असतो आणि त्यांतील एक वर्ष चीनमध्ये अथवा तैवानात काढणे सक्तीचे असते. ऑक्सफर्ड हे वर्ष दुसऱ्या वर्षी घालते, केंब्रिज तिसऱ्या. याउलट दुसऱ्या एखाद्या विषयाच्या शेपटाला चिनी बांधून घेतल्यास काही ठिकाणी तीन वर्षांत, त्या देशाचे तोंडही न पाहता पदवी पदरात पडते. मुलाचे म्हणणे, हा दुसरा मार्ग बरा. सुनेचेही तेच. कोजागरीच्या मंडळींचेही तेच. नातीने मात्र फोनवर मला विचारले, "आबा, तुम्ही माझ्या जागी असता तर गेला असता का?" त्या प्रश्नाचे उत्तर मी पंचावन्न वर्षांपासून बाळगून आहे, ते पुढे येईलच.

प्रथम विरोधकांचा सर्वांत सबळ मुद्दा घेतो, कारण तो खरोखरच सबळ आहे आणि आपल्या सर्वांच्या वर्मी लागणारा आहे. आमचे एक ज्येष्ठ सभासद, सेवानिवृत्त अभियंता, म्हणाले, "आपले पूर्वज होळकरांबरोबर माळव्यात आले. दोनशे-अडीचशे वर्षे झाली. आपल्यापैकी कितीजण महाराष्ट्रात एक सबंध वर्ष राहिले आहेत? तरी आपण मराठी बोलतो, लिहितो, हे त्रैमासिक चालवतो. मग भाषेसाठी त्या देशात राहिलेच पाहिजे हा कुठला न्याय?" गच्चीवर टाळ्या पडल्या. मलाही क्षणभर उत्तर सुचले नाही.

उत्तर जिना उतरताना सुचले, नेहमीप्रमाणे. आपण मराठी महाराष्ट्राबाहेर टिकवली हे खरे. पण ती पुस्तकातून टिकवली नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी रामबागेत आणि राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत एक लहानसा महाराष्ट्रच वसवला होता. तेथे कीर्तन होते, हळदीकुंकू होते, भांडण होते, स्वयंपाकघरातली कुजबुज होती. सोवळ्यातल्या आजीचा ओरडाही शुद्ध मराठीतच येत असे. मूल चोवीस तास त्यातच वाढे. म्हणजे ज्याला ती विद्यापीठे 'सक्तीचे वर्ष' म्हणतात, ते आपल्याकडे जन्मापासून सोळा वर्षे चाले, आणि त्यातून सुटका नव्हती. आता वाडे पडले, त्यांच्या जागी सदनिका आल्या, मुले घरातही हिंदी बोलू लागली. आणि सक्ती संपताच मराठीचे काय झाले ते आपण पाहतोच आहोत. नातवंडांना 'येऊन राहिलो आहे' यापलीकडे क्रियापद चालवता येत नाही. 'चाक' या शब्दातला दंत्य च हिंदीच्या तालव्य च मध्ये विरघळून गेला. ज्या उदाहरणाने माझा मुद्दा खोडायचा होता, त्याने तो सिद्धच केला, असे मला वाटते. आणि उलट बाजूही पाहावी. त्याच पणज्या वाईहून, साताऱ्याहून नवऱ्याच्या मागे माळव्यात आल्या तेव्हा त्यांना हिंदीचा गंध नव्हता. भाजीवालीशी घासाघीस करता करता दोन वर्षांत त्या माळवीत शिव्यासुद्धा देऊ लागल्या. कोणत्या व्याकरणाच्या पुस्तकाने हे साधले असते?

आता चिनीकडे वळू. आपल्या लोकांची समजूत अशी की भाषा म्हणजे लिपी आणि शब्द. पाठांतर केले की झाले. लिपीपुरते ते काही अंशी खरेही आहे. चीन सरकारने १९८८ साली नित्य वापरातील साडेतीन हजार अक्षरांची यादी केली. २०१३ सालच्या अधिकृत तक्त्यात ८१०५ अक्षरे आहेत. साडेतीन हजार अक्षरे घरी बसून गिरवता येतील. ज्यांनी लहानपणी अमरकोश आणि रूपावली पाठ केली आहे त्यांना त्याचे भय वाटू नये. अडचण कानाची आणि जिभेची आहे. चिनीत एकच उच्चार चार स्वरांत चार अर्थांचा होतो. 'माइ' हा शब्द तिसऱ्या, म्हणजे खाली जाऊन वर येणाऱ्या स्वरात म्हटला तर 'विकत घेणे', आणि चौथ्या, तुटक उतरत्या स्वरात म्हटला तर 'विकणे'. व्यापार करणाऱ्याने यात चूक केली तर काय होईल, हे आमच्या सराफ्यातल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. 'वन्' चौथ्या स्वरात 'विचारणे' आणि तिसऱ्यात 'चुंबन घेणे'. 'मला तुम्हाला एक विचारायचे आहे' असे सभ्यपणे म्हणू पाहणाऱ्या विद्यार्थ्याची काय फजिती होत असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. मराठी माणसाला या भाषेचे काही उच्चार इंग्रजापेक्षा सोपे आहेत. चिनी भाषा प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांत भेद करते. ब, द, ग असे आपले घोष वर्ण तिच्यात नाहीत. रोमन लिपीत 'ब' लिहितात त्याचा उच्चार आपल्या 'प' च्या जवळ जातो, म्हणून वृत्तपत्रांतले 'बीजिंग' हे वास्तविक 'पेइचिंग' आहे. आणि ज्या दंत्य च साठी हिंदी भाषिक आपली थट्टा करतात, तो 'चाक', 'चमचा' यांतला च चिनीत आहे. माझ्या नातीच्या जिभेवर तो अजून आहे, कारण तिची आई घरात मराठीच बोलते. तिच्या इंग्रज मैत्रिणींना जो फरक ऐकूच येत नाही, तो तिला ऐकू येतो. हे भांडवल हाती असताना घरी बसायचे काय?

आता गणित करू, कारण आमच्या अभियंता मित्रांना गणिताशिवाय पटत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवणारी एक संस्था आहे. तिच्या अनुभवाप्रमाणे इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यास कामापुरती हिंदी येण्यास ४४ आठवडे, म्हणजे वर्गातले सुमारे ११०० तास लागतात. चिनीला ८८ आठवडे, २२०० तास. बरोबर दुप्पट. आता विद्यापीठात आठवड्याला भाषेचे दहा तास धरा आणि वर्षाचे चोवीस आठवडे धरा. तीन वर्षांत ७२० तास होतात. एक तृतीयांशही नाही. परदेशातल्या वर्षी आठवड्याला वीस तास वर्ग, असे बत्तीस आठवडे धरले तर आणखी ६४० मिळतात, बेरीज १३६०. तरीही उणेच. उरलेले तास कोण देणार? ते रस्ता देतो. खानावळीतला वाढपी, घरमालकीण, भुयारी रेल्वेतली घोषणा, तिकीट चुकल्यावर समोर उभा राहिलेला तपासनीस. रोजचे तीन तास आणि तीनशे दिवस, म्हणजे नऊशे. आता हिशेब जमतो. हा माझा अंदाजी हिशेब आहे, कोणी काटेकोर तपासू नये. पण रस्त्याचा आकडा वजा करून तो जमवून दाखवावा, असे माझे आव्हान आहे.

यावर गच्चीवरच्या एका तरुण सभासदाने सांगितले की आता यंत्र भाषांतर करते, भाषा शिकण्याचेच कारण उरले नाही. त्यांना एवढेच विचारतो की मग हे त्रैमासिक आपण का छापतो?

आपल्याला वाटते की परक्या देशी जाऊन भाषा शिकण्याचे हे खूळ पाश्चात्त्यांचे आहे. मुळीच नाही. ह्युएन त्संग इ.स. ६२९ च्या सुमारास चीनमधून निघाला तो ६४५ मध्ये परतला. का निघाला? बौद्ध ग्रंथांची चिनी भाषांतरे त्याच्या हाती होती, पण ती एकमेकांशी जुळेनात. मुळाशी गेल्याखेरीज उलगडा होणार नाही हे त्याने ओळखले. राज्याची परवानगी नव्हती, तरी गेला. नालंदेत वर्षानुवर्षे राहिला, संस्कृतात वाद केले, आणि फिरत फिरत पुलकेशीच्या महाराष्ट्रातही आला. आपल्या पूर्वजांच्या मानी, उपकार न विसरणाऱ्या आणि अपमानाचा सूड घेणाऱ्या स्वभावाचे वर्णन आपण अभिमानाने सांगतो, ते या विद्यार्थ्याच्या प्रवासवृत्तातले. तो चांगआनमध्ये बसून राहिला असता तर सातव्या शतकातल्या महाराष्ट्राची ती साक्ष आपल्याला मिळाली नसती.

आणि मराठी माणसांचे काय? सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. जाताना त्यांना चिनीचे एक अक्षर येत नव्हते. युद्धाच्या धामधुमीत, जखमींच्या खाटांमध्ये फिरत त्यांनी ती भाषा अशी आत्मसात केली की पुढे ते चिनी विद्यार्थ्यांना चिनीतच वैद्यक शिकवू लागले. ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. व्ही. शांतारामांच्या चित्रपटामुळे कोटणीस आपल्या घरोघरी माहीत आहेत. परंतु ते भाषा कशी शिकले, हे आपण कधी विचारले नाही. दुसरे वसंत परांजपे. स्वातंत्र्याच्या सुमारास सरकारने पेकिंगला शिकण्यासाठी पाठवलेल्या विद्यार्थ्यांपैकी ते एक. पुढे नेहरूंच्या काळात भारत-चीन वाटाघाटींत दुभाषी म्हणून बसले. दोन देशांचे नेते समोरासमोर असताना ज्याच्या जिभेवर विश्वास टाकायचा, तो माणूस घरच्या शिकवणीत तयार होत नाही.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुण्याच्या पु. वि. बापटांनी चिनी ग्रंथ वाचून 'विमुत्तिमग्ग' आणि 'विसुद्धिमग्ग' यांची तुलना केली. ते पुस्तक १९३७ साली पुण्यात निघाले. पंधराशे वर्षांपूर्वीचा ग्रंथ वाचायचा असेल तर बाजारातली बोली आलीच पाहिजे असे नाही. माझ्या नातीला जुने ग्रंथ वाचायचे असते तर मी या वर्षासाठी एवढा हट्ट धरला नसता. तिला जिवंत माणसांशी बोलायचे आहे.

आता माझी गोष्ट. १९७० साली मी बावीस वर्षांचा होतो. नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गात रशियन शिकत होतो आणि परीक्षेत वर आलो होतो. मॉस्कोला दहा महिन्यांच्या अभ्यासासाठी जाण्याची संधी चालून आली. जाणे ऐच्छिक होते. या एका शब्दाने माझा घात केला. वडील म्हणाले, "ऐच्छिक आहे ना? मग कशाला?" आई रडली. काकांनी थंडीची, मांसाहाराची आणि तिकडच्या मुलींची भीती घातली, बहुधा याच क्रमाने. मी गेलो नाही. पुढे अठ्ठावीस वर्षे मी रशियन शिकवली, यंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित केल्या, लोकांनी मला 'रशियनवाले सर' म्हटले. आणि १९७४ साली एका कारखान्यात आलेल्या रशियन अभियंत्याशी बोलण्यासाठी मला मुद्दाम नेण्यात आले, तेव्हा तो काय म्हणतो ते मला कळेना. शब्द सारे ओळखीचे, पण ते धो धो वाहत होते आणि मी काठावर उभा. त्याने दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा हसला आणि खडू घेऊन आकृती काढू लागला. आकृती मला कळली. परतताना गाडीत कोणी काही बोलले नाही. विद्यार्थ्यांना मी हे कधीच सांगितले नाही. आज प्रथमच लिहीत आहे.

म्हणून 'सक्ती' या शब्दाचा मला राग येत नाही. त्या अभ्यासक्रमात सक्ती असती तर वडिलांपुढे दोनच पर्याय राहिले असते: विषय सोड, किंवा जा. सौदा करायला जागाच नसती. आणि सौद्यात तरुण माणूस हरतो, तरुण मुलगी तर हमखास. ज्या घरांनी मुलगे एम.एस. करायला अमेरिकेला डोळे मिटून पाठवले, कर्ज काढून पाठवले, त्याच घरांतली मंडळी मुलीला दहा महिन्यांसाठी चीनला पाठवताना 'तिथे ती एकटी कशी राहील' म्हणून सुस्कारे टाकत होती. अमेरिका म्हणजे जणू मावशीचे घर, आणि चीन म्हणजे अरण्य! रेडिंगलाही ती शिकायला दुसऱ्या गावी जाऊन एकटीच राहणार आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

शत्रुराष्ट्र, असाही एक शब्द उच्चारला गेला. २०२० च्या जूनमध्ये गलवानला आपले वीस जवान गेले, ते कोणी विसरलेले नाही. पण त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात परकीय भाषांची जी उदाहरणादाखल यादी दिली, तीतून चिनी गळाली. आदल्या वर्षीच्या मसुद्यात ती होती. ज्याच्याशी वैर आहे त्याची भाषा न शिकणे, हे कसले शौर्य? मराठ्यांच्या दरबारात फारसी जाणणारे कारकून होते, ते मोगलांवरील प्रेमापोटी नव्हे.

काही हरकती मात्र योग्य आहेत, आणि त्यांचे उत्तर विद्यापीठाने दिले पाहिजे, मुलीने नव्हे. २०२० च्या मार्चमध्ये चीनने दारे लावली ती विद्यार्थ्यांसाठी २०२२ च्या ऑगस्टपर्यंत उघडली नाहीत. आपल्याकडचे तेवीस हजारांवर विद्यार्थी, बहुतेक वैद्यकीय, अडकून पडले. इंग्लंडमधील मुलांनी ते 'परदेशातले वर्ष' आपल्याच खोलीत पडद्यासमोर काढले, किंवा तैवान गाठले. सक्ती करायची तर दार बंद झाल्यावरचा मार्ग आधी छापील सांगितला पाहिजे. तैवान हा चांगला मार्ग आहे. मात्र तेथे जुनी, अधिक रेघांची अक्षरे चालतात, चीनमध्ये १९५६ पासून सोपी केलेली. दोन्ही शिकण्याची तयारी विद्यापीठ आधी करून घेते काय? तेथले गुण पदवीत कसे धरले जातात? मूल आजारी पडले तर कोण धावून जाणार? हे प्रश्न मुलाने विचारावेत, खडसावून विचारावेत. पैशाचा प्रश्नही खोटा नाही: एक वर्ष जास्त, म्हणजे एक वर्षाची कमाई कमी. पण इंग्लंडमध्ये तेथील रहिवासी विद्यार्थ्याला परदेशातल्या शिक्षणवर्षासाठी नेहमीच्या शुल्काच्या पंधरा टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही. घरी बसून शिकण्याचे वर्ष त्याहून महाग पडते, हे कोजागरीला कोणालाच ठाऊक नव्हते. मलाही नव्हते, नातीने सांगितले.

आणि ज्याला खरोखरच जाता येत नाही, घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, स्वतःची प्रकृती साथ देत नाही, त्याने निर्वेधपणे दुसरा अभ्यासक्रम घ्यावा. त्यात कमीपणा नाही. माझे भांडण त्याच्याशी नाही. ज्यांना पदवीवर 'चिनी' हा शब्द हवा आहे पण चीन नको, त्यांच्याशी आहे.

परवा रविवारी मुलाचा फोन आला. मी वरील सर्व त्याला सांगितले, रशियन अभियंत्यासकट. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत." मागून नात ओरडली की पाचही जागा तिने चार वर्षांच्याच भरल्या आहेत. सून काय म्हणाली ते ऐकू आले नाही. अर्जाची मुदत जानेवारीच्या मध्यापर्यंत आहे. हा अंक वाचकांच्या हाती पडेपर्यंत तो गेलेला असेल. ज्या सभासदांना माझे म्हणणे खोडून काढायचे असेल त्यांनी पुढील अंकासाठी जरूर लिहावे. अभियंता मित्रांनी रस्त्याचे ते नऊशे तास तेवढे मोजून पाठवावेत.